सांबार, संभाजीराजे आणि तंजावरचा मुदपाकखाना
(एका आख्यायिकेची छाननी)

दक्षिणेंतील सांबार हें कालवण तंजावरच्या मराठी राजवाड्यांत प्रथम शिजलें व त्यास संभाजीराजांचें नांव मिळालें, ही कथा अलीकडे इतक्या ठिकाणीं आणि इतक्या निःशंकपणें सांगितली जाते कीं, तिजविषयीं प्रश्न विचारणें म्हणजे भरल्या पंक्तींत भांडण काढण्यासारखें वाटूं लागलें आहे. तरी तो विचारणें प्राप्त आहे. हीच कथा आम्हीं स्वतः एका व्याख्यानांत मोठ्या उत्साहानें सांगितली होती व श्रोत्यांनीं टाळ्याही वाजविल्या होत्या. व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध पोथीसंग्राहक जवळ आले आणि त्यांनीं एवढेंच विचारलें, "कागद कोणता?" आमच्यापाशीं कागद नव्हता. त्या दिवसापासून आजवर जें शोधलें व जें हातीं लागलें, तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

कथेचें सर्वसाधारण रूप असें. व्यंकोजीराजांचे पुत्र तंजावरचे शहाजीराजे यांस स्वयंपाकाचा शोक होता. आमटी हा त्यांच्या विशेष आवडीचा पदार्थ, व ती आंबट करण्यास लागणारीं आमसुलें महाराष्ट्रांतून येत. संभाजीराजे पाहुणे म्हणून आले त्या दिवशीं कोठींतलीं आमसुलें संपलीं होतीं. तेव्हां तेथली चिंच वापरावी असें कोणी सुचविलें. कोणी म्हणतात, मुगाच्या डाळीच्या जागीं तुरीची डाळही त्याच वेळीं पडली. पाहुण्यांस तें कालवण इतकें रुचलें कीं, त्यांच्याच नांवावरून ‘संभा-आहार’ म्हणजेच ‘सांबार’ असें त्याचें नामकरण झालें. कोठें युक्ति सुचविणारा आचारी असतो, कोठें खुद्द राजेच पळी हातीं घेतात, तर कोठें दरबारांतला एखादा विनोदी मनुष्य पुढें येतो. पात्रें अशीं बदलतात आणि शेवट मात्र तोच राहतो, हें ज्यांनीं बखरी चाळल्या आहेत त्यांस नवें नाहीं.

प्रथम काळ पाहूं. संभाजीराजांची कारकीर्द १६८१ ते १६८९. शहाजीराजे गादीवर आले ते १६८४ च्या सुमारास, व तेव्हां त्यांचें वय बारा वर्षांच्या आसपास होतें. म्हणजे पाकशास्त्रांत मुरलेला यजमान म्हणून जो कथेंत उभा केला आहे, तो त्या काळीं मुंज होऊन चार वर्षें झालेला मुलगा होता. संभाजीराजांकडे पाहावें तर १६८२ त जंजिऱ्याचें प्रकरण, १६८३ व १६८४ त पोर्तुगीजांशीं युद्ध, आणि त्याच सुमारास खुद्द औरंगजेब दक्षिणेंत उतरलेला. १६८२ च्या सुमारास राजे त्रिचनापल्लीच्या बाजूस गेले होते असें कांहीं अभ्यासक मानतात. तें मान्य केलें तरी त्या वेळीं तंजावरास शहाजीराजे नव्हेत, व्यंकोजीराजे राज्य करीत होते. १६८४ नंतर राजांनीं तंजावरास जाऊन मेजवानी घेतल्याचा उल्लेख ना मराठी कागदांत, ना वखारवाल्या परकीयांच्या पत्रांत, कोठेंही आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.

आतां पदार्थ घेऊं. आणि येथें तर कथेचा पायाच खचतो. चिंच ही मराठी माणसास तंजावरास गेल्यावर प्रथम भेटली, असें तीत गृहीत धरलें आहे. ज्यानें ही कथा रचली त्यानें देशावरचें एकही गांव पाहिलेलें दिसत नाहीं. आमसूल कोंकणपट्टीचें व घाटमाथ्याचें. देशावर आमटीला चिंच व गूळ हाच सर्रास रिवाज. वेशीबाहेर, देवळापाशीं, ओढ्याच्या कांठीं चिंचेचीं झाडें नाहींत असें गांव विरळा. चरकाच्या ग्रंथांत अम्लीका आहे. अरबांनीं तर या फळास हिंदुस्थानचा खजूर म्हणून ‘तमर हिंदी’ असें नांव दिलें व त्यावरूनच युरोपीय भाषांतला शब्द निघाला. तुरीचीही तीच गोष्ट. तिचें ‘आढकी’ हें नांव वैद्यकग्रंथांत जुनें आहे, व तुरीचें वरण हें मराठी पंगतीचें पहिलें वाढप. म्हणजे पाहुण्यांस जी अपूर्वाई वाटली असें सांगतात, ती त्यांनीं लहानपणापासून खाल्लेली होती. उलट बाजूनें पाहिलें तरी तमिळ मुलखांत चिंचेच्या कोळांत शिजविलेलें ‘पुळिक्कुळंबु’ घरोघर आहे, व त्यास कोणा राजाची आमसुलें संपण्याची वाट पाहावी लागली नव्हती.

शब्दाविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण कथेचें सारें बळ नामसादृश्यांत आहे. ‘संभा’ आणि ‘आहार’ यांचा संधि केल्यास ‘संभाहार’ होईल. त्यांतला ‘हा’ कोणत्या नियमानें गळाला हें कोणी सांगत नाहीं. तो गळवण्याची गरजही नाहीं. ‘सम्’ पूर्वक ‘भृ’ धातूपासून झालेला ‘संभार’ हा संस्कृत शब्द सामग्री, गोळा केलेलें साहित्य, या अर्थानें सुप्रसिद्ध आहे. अग्न्याधानाच्या वेळीं जमवावयाच्या वाळू, क्षारमृत्तिका इत्यादि वस्तूंस श्रौतांत ‘संभार’च म्हणतात. यज्ञाच्या सामग्रीवरून स्वयंपाकाच्या सामग्रीवर, व तीवरून मसाल्यावर हा शब्द उतरला, हें सांगण्यास फारशी कल्पकता लागत नाहीं. कानडींत ‘सांबार पदार्थ’ म्हणजे मसाल्याचे जिन्नस. मल्याळींत ‘संभारम्’ म्हणजे मसाला लावलेलें ताक. त्यांत डाळही नाहीं आणि चिंचही नाहीं. गुजराथेंत ‘संभार’ लोणच्याच्या मसाल्यास म्हणतात व ‘संभारो’ हा भाजीचा प्रकार आहे. गोव्याच्या कोंकणींत सांबार म्हणजे वाटलेला मसाला. वऱ्हाड-नागपुराकडे बाजारांत ‘सांबार’ मागितला तर माळीण कोथिंबिरीची जुडी हातीं ठेवते, आणि ‘सांबारवडी’ त्याच कोथिंबिरीची होते. इतक्या दूरदूरच्या मुलखांत, इतक्या भिन्न वस्तूंस लागलेला शब्द १६८४ नंतर एका मेजवानींतून निघून सर्वत्र पसरला, असें मानण्यापेक्षां तो आधींपासून सर्वत्र होता व तमिळ देशांत एका विशिष्ट कालवणावर स्थिरावला, असें मानणें सयुक्तिक नव्हे काय?

मग सांबाराचा मराठ्यांशीं कांहींच संबंध नाहीं, असें आम्ही म्हणतों काय? तसें मुळींच नाहीं. थोरले शहाजीराजे १६३८-३९ च्या सुमारास बंगळुरास स्थिर झाले तेव्हांपासून मराठी कुटुंबें कर्नाटकांत नांदूं लागलीं. संभाजीराजांच्या कारकीर्दींत हरजीराजे महाडीक जिंजीस होते. पुढें राजाराममहाराज तेथें १६९८ पर्यंत राहिले. तंजावरची गादी तर १८५५ पर्यंत चालली. इतक्या काळांत किती शिलेदार, कारकून, भिक्षुक, आचारी व त्यांच्या बायका त्या मुलखांत गेल्या असतील! चूल ही त्यांच्यामुळें पालटली असेल, एका राजाच्या एका जेवणानें नव्हे. याची एक खूण अद्याप बाकी आहे. उडदाचें पीठ दह्यांत कालवून केलेली ‘डांगर पचडी’ तमिळ घरांत होते. त्यांतलें ‘डांगर’ हें आपलेंच. पुण्यास वा सातारास कोणत्याही आजीबाईस विचारावें. ‘पचडी’ मात्र तिकडची. दोन भाषांचे दोन शब्द एका वाडग्यांत असे बसले आहेत, व त्यांस कोणा राजाचें नांव लागलेलें नाहीं. म्हणूनच कदाचित् त्यांच्याविषयीं कोणी व्याख्यान देत नसावें.

आख्यायिकेच्या जागीं काय ठेवावें, याचें उत्तर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं केव्हांच देऊन ठेवलें आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या या क्यूरेटरांनीं १९४३ साली जिलबीच्या इतिहासावर लेख लिहिला, तो आमच्या मतें खाद्यविषयक लेखनाचा कित्ता आहे. जिलबीसारख्या हलक्याफुलक्या वस्तूवर एका गंभीर पंडितानें पानें खर्चावीं, याचें कित्येकांस त्या वेळीं हसूं आलें असेल. परंतु रीति पाहा. प्रथम शब्द: अरबी ‘झलाबिया’, फारशी ‘झुलबिया’. दहाव्या शतकांतील बगदादच्या अल्-वर्राकच्या पाकग्रंथांत हा पदार्थ आहे, तेव्हां त्याचें परदेशचें वय ठरलें. मग आपल्याकडील उल्लेख: पंधराव्या शतकाच्या मध्यांतील एका जैन कथेंत जिलबीचें नांव येतें, पुढें ‘गुण्यगुणबोधिनी’ नामक पोथींत कृति येते, आणि त्यानंतर ‘भोजनकुतूहल’. प्रत्येक पायरीस पोथी आहे, व प्रत्येक पोथीचा काळ वेगळा सिद्ध केलेला आहे. कोठें उडी मारलेली नाहीं.

या ‘भोजनकुतूहला’पाशीं थोडें थांबावेंसें वाटतें. त्याचा कर्ता रघुनाथ गणेश नवहस्त. ‘नवहस्त’ हें ‘नवाथे’ या आडनांवाचें संस्कृत रूप असून ग्रंथकार महाराष्ट्रीय होता. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा त्यास आश्रय होता, आणि श्रीसमर्थ रामदासांशीं त्याचा संबंध आला होता, हें गोडे यांनींच दाखविलें. ग्रंथाचा काळ त्यांनीं १६७५ ते १७०० असा धरला आहे. म्हणजे आख्यायिकेंतली मेजवानी ज्या दशकांत झाली असें सांगतात, नेमक्या त्याच काळीं त्याच राजकुलाच्या आश्रयानें अन्नावरचा एक भरगच्च संस्कृत ग्रंथ लिहिला जात होता! धान्यें, पक्वान्नें, भाज्या, त्यांचे गुणदोष, भोजनाचे विधि, सर्व त्यांत आहे. या ग्रंथाचा मुद्रित भाग १९५६ साली त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेंत निघाला. सांबाराची कथा सांगणाऱ्या किती जणांनीं तो उघडला असेल?

आणि त्यांत जिलबी आहे. आंबविलेलें पीठ, छिद्राच्या पात्रांतून तापल्या तुपांत सोडलेलें वेटोळें, मग साखरेचा पाक: कृति आजच्या हलवायाच्या कृतीशीं जुळते. बगदादच्या चुलीवरचा पदार्थ, फारशी बोलणाऱ्यांच्या हातून या देशांत आलेला. एका मराठी शास्त्र्यानें, समर्थांच्या समकालीनानें, तमिळ देशांत, मराठी राणीच्या आश्रयाखालीं बसून तो संस्कृतांत नोंदविला, व वैद्यकाच्या तराजूंत घालून त्याचे गुण सांगितले. भावप्रकाशांत तर त्यास ‘कुंडलिनी’ असें नांव मिळालेलें आहे. वेटोळ्यावरून योगशास्त्रांतला शब्द हलवायाच्या कढईंत उतरला. परक्या पदार्थास आपल्या पंक्तींत बसवून घेण्याची रीत पाहावयाची असेल तर ती येथें आहे. शास्त्र्यानें तो अव्हेरिला नाहीं. त्यास नांव दिलें, गुण दिले, आणि पानावर जागा दिली. ही गोष्ट आख्यायिकेहून कमी सुरस आहे असें आम्हांस वाटत नाहीं, आणि हिला कागद आहे.

प्रसंगानें इडलीविषयींही दोन शब्द. कै. आचया यांच्या ग्रंथांनीं या विषयाची मोठी सेवा केली आहे. त्यांच्याइतका साधनसंग्रह दुसऱ्या कोणीं केला नाहीं. चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त (इ. स. ११३० च्या सुमाराचा ग्रंथ) ‘इडरिका’ उडदाच्याच पिठाची आहे, तींत तांदूळ नाहीं, हें त्यांनीं नेमकें टिपलें. परंतु आंबविण्याची व वाफविण्याची रीत इंडोनेशियाकडून तेथल्या हिंदु राजांबरोबर आलेल्या आचाऱ्यांनीं आणली असावी, असा जो तर्क त्यांनीं केला, त्यास तर्काहून अधिक आधार त्यांनींही सांगितलेला नाहीं. आज तोच तर्क सिद्धांताच्या वेषांत फिरतो. मूळ लेखकाचें ‘असावी’ उचलणाऱ्यानें ‘आहे’ करावें, हा आपल्या क्षेत्रांतला जुना रोग. सांबाराच्या कथेस तर ‘असावी’ म्हणणारा मूळ लेखकही सांपडत नाहीं.

कांहीं लोक या कथेच्या पुष्ट्यर्थ सरस्वतीमहालांतील ‘शरभेंद्र पाकशास्त्रा’चें नांव घेतात. तो मराठी ग्रंथ मोलाचा आहे यांत शंका नाहीं, व तो छापून सरस्वतीमहालानें उपकारच केले. परंतु शरभेंद्र म्हणजे दुसरे सरफोजीराजे. त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांच्या नांवाशीं जोडलेला पाकग्रंथ त्यांच्या काळच्या मुदपाकखान्याची साक्ष देईल. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं संभाजीराजे काय जेवले, याची साक्ष तो कशी देणार? नांव भारदस्त असलें म्हणून साक्षीदाराचें वय वाढत नाहीं.

सरफोजीराजांचेंच नांव निघालें, तर त्यांच्या काळचा एक कागद याहून कितीतरी अधिक बोलका आहे, व त्याकडे या विषयावर लिहिणारे क्वचितच वळतात. तंजावर राज्यांत रामेश्वराच्या वाटेवर राजकुलानें छत्रें बांधलीं होतीं. इंग्रजांशीं झालेल्या व्यवस्थेंत त्यांचें काय होणार, ही काळजी पडल्यावर १८०१ साली सरफोजीराजांनीं तेथल्या रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांतला रिवाज कळविला. त्याचा आशय असा कीं, ब्राह्मणापासून परयापर्यंत जो वाटसरू येईल त्यास, जोगी, जंगम, अतीत, बैरागी सर्वांसह, शिजविलेला भात मिळतो. आणि ज्यास शिजविलेलें चालत नाहीं त्यास कोरा शिधा मसाल्याच्या जिनसांसह दिला जातो. आजाऱ्यास औषध व मुलांस शिक्षण यांचीही त्यांत सोय सांगितली आहे. याच सुमारास, १८०२ साली, ओरत्तनाडास मुक्तांबाळेच्या नांवानें मोठें छत्र उभें राहिलें.

या पत्राचेंही गोडवे गाण्याची घाई नको. सर्व एका पंक्तीस बसत, असें त्यांत म्हटलेलें नाहीं. शिजलेला भात व कोरा शिधा हा भेद त्यांतच आहे, आणि त्या भेदाच्या पोटांत जातीची सारी रचना उभी आहे. तरीपण वाराणसीकडचा बैरागी, कर्नाटकांतला जंगम आणि तमिळ देशांतला मजूर एकाच दात्याच्या एकाच कोठींतले तांदूळ घेऊन पुढल्या मुक्कामास जात होते, हें त्या कागदानें ठाम सांगितलें. तो शिधा कोणी कसा रांधला, शेजारच्या चुलीवरचें काय पाहिलें व घरीं परत जातांना काय नेलें, याची नोंद पत्रांत नाहीं. ती असलीच तर छत्रांच्या जमाखर्चांत असणार. किती डाळ, किती चिंच, किती मिरीं व किती मिरच्या, हें दिवसवार लिहिणारा मोडी कारकून हा या विषयाचा खरा बखरकार आहे. ऐने अकबरींत अबुल फजलानें खिचडीचें प्रमाण देतांना तांदूळ, डाळ व तूप पांच पांच शेर आणि मीठ तिहाई शेर असें लिहून ठेवलें. त्या एका ओळीनें मोगली मुदपाकखान्याविषयीं जें कळतें तें शंभर चुटक्यांनीं कळणार नाहीं.

म्हणून आमचें गाऱ्हाणें शेवटीं कथाकारांपेक्षां आम्हां संग्राहकांविरुद्धच आहे. सनद, महजर, तहनामा, शिक्क्याचें पत्र दिसलें कीं आपण तें रेशमी रुमालांत बांधतों. कोठीचे जाबते, शिध्याच्या याद्या, आचाऱ्यांच्या हजिऱ्या रद्दींत जातात. एका वाड्यांत कागद पाहावयास गेलों असतां, ‘हे नुसते डाळतांदळाचे आहेत’ असें म्हणून आमच्यादेखत एक दप्तर बंबाशीं नेऊन ठेवलेलें आम्हांस आठवतें. त्या वेळीं आम्हींही हरकत घेतली नाहीं. आज त्याची रुखरुख वाटते. सवाई माधवरावांच्या १७८३ च्या लग्नांतील जेवणावळीच्या बंदोबस्ताची यादी छापली गेली नसती, तर पेशवाई पंक्तीविषयीं आपणही आख्यायिकांवरच निर्वाह केला असता.

सांबाराच्या प्रश्नाचा निकाल लागण्यास दोन प्रकारचे कागद पुरे होतील. १६८४ च्या आधींचा एखादा मराठी वा कानडी कागद, पोथी, वाण्याची याद, ज्यांत ‘सांबार’ अथवा ‘संभार’ शब्द मसाल्याच्या अर्थानें आला असेल. किंवा तंजावर, जिंजी, बंगळूर यांकडील कोठीचा कोणताही जमाखर्च, ज्यांत तो शब्द कालवणाचें नांव म्हणून आला असेल, मग तो कोणत्याही सालचा असो. ज्यांच्या संग्रहीं असें कांहीं असेल त्यांनीं मूळ कागद आपल्यापाशींच ठेवून ओळीची नक्कल, मिती, कागदाची जात व तो कोठून मिळाला याची माहिती मंडळाकडे पाठवावी. आख्यायिकेस अनुकूल कागद निघाला तर तो याच पृष्ठांत प्रथम छापूं, आणि त्या वृद्ध गृहस्थांस स्वतः जाऊन दाखवूं.